तीन चाळीसची चिठ्ठी

वाराबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. हवामान कचेरीतल्या शिपायानं ते कधीतरी ठेवलं आणि ते तिला इतकं घट्ट चिकटलं, की निरोपाच्या मानपत्रावर टंकलेखकानं तेच छापून टाकलं. तिनं दुरुस्त करून घेतलं नाही. बाई अडुसष्टची, उंच, चष्म्याला दोरी, चालणं तरातरा. तिच्याशी बोलायला लागलं की माणसं आपोआप मुद्द्यावर येतात. चौतीस वर्षं तिनं तळ्याकाठच्या त्या कचेरीत वारा, ढग आणि पाऊस मोजला. आता दर शनिवारी दुपारी ती सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत बसून वारा, ढग आणि पाऊस तयार करते.

हे कसं झालं ते सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या खोलीत हौशी लोकांचा एक क्लब आहे. तीन मोठे पडदे, जुन्या मोटारीतून काढलेली सीट, हातात विमानाचं सुकाणू, पायाशी दोन पेडल. बसल्या जागी विमान उडवायचं. क्लब चालवतो एक दातांचा डॉक्टर. त्याला छोट्या सीप्लेनचं वेड, म्हणजे चाकांच्या जागी दोन लांबट होड्या लावलेलं, पाण्यावर उतरणारं विमान. एकदा वाराबाईची दाढ कोरताना तो तक्रार करत होता.

"कॉम्प्युटरमधली हवा अगदी खोटी हो, मावशी. वारा येतो तो भिंतीसारखा येतो, एकदम. खरा वारा असा येतो का?"

"आँ आँ," वाराबाई म्हणाली. तोंडात कापूस होता. कापूस निघाल्यावर मात्र तिनं वारा कसा येतो हे त्याला पाऊण तास ऐकवलं. बाहेर तीन पेशंट गाल धरून बसले होते.

पुढच्याच शनिवारी त्यानं तिला क्लबात नेलं. कपाटाआड एक टेबल, त्यावर वेगळा पडदा, कानाला हेडफोन. पडद्यावर वाऱ्याची दिशा, जोर, झोत, ढगांची उंची सगळं हातानं सरकवता येत होतं. उडवणारा पुढे बसायचा आणि वाराबाई मागून त्याच्या आभाळाशी खेळायची. तिनं बनवलेल्या हवेत क्लबातला एक लिफ्टचा मेकॅनिक एकदा इतका हेलकावला, की त्याला बादली द्यावी लागली. त्या दिवशी क्लबानं तिला एकमतानं सभासद करून घेतलं, वर्गणी माफ. क्लबात तिच्या जागेला 'हवा' म्हणतात. "हवा तयार आहे का?" असं विचारलं की ती कपाटामागून म्हणते, "कधीची."

दोन वर्षं अशी मजेत गेली. मग साहेब आले.

साहेब म्हणजे तिच्या कचेरीचे जुने प्रमुख. वय पंचाहत्तर, पाठ ताठ, मिशी पांढरी आणि कातरलेली, डोक्यावर टोपी. सभासद व्हायचं म्हणून आले होते; दारात उभं राहून त्यांनी खोली न्याहाळली आणि कपाटाआड नजर जाताच मोठ्यानं हसले.

"अरे, वाराबाई! अजून वाराच मोजताय?" आणि डॉक्टरकडे वळून, "माझ्या हाताखाली होत्या या. चांगल्या होत्या कामाला. थोडं लक्ष द्यावं लागायचं."

वाराबाईनं हेडफोन काढला, पुसला, परत घातला. "या साहेब," ती म्हणाली. एवढंच.

आता सत्तावीस वर्षांपूर्वीचं. वाराबाईची धाकटी बहीण (तिला सगळे धाकटीच म्हणतात) हिचा नवरा सीप्लेनचा वैमानिक होता. तळ्याच्या एका काठाहून दुसऱ्या काठाला टपालाच्या थैल्या न्यायचा. तळ्याच्या उत्तरेला दोन डोंगर आणि मधे खिंड. वारा फिरला की आधी खिंडीतून पाण्यावर उतरायचा. कचेरीच्या गच्चीवरच्या यंत्राला तो कळायला आठ-दहा मिनिटं लागायची, कारण मधे डोंगराची सोंड. पण खिडकीतून दिसायचा. पाण्यावर एक काळसर पट्टा पळत यायचा, कुणी ओलं फडकं ओढत आणावं तसा. हे वाराबाईला ठाऊक होतं, शिपायालाही ठाऊक होतं. साहेबांना ठाऊक नव्हतं, कारण साहेब खिडकीकडे पाठ करून बसायचे.

कचेरीची रीत अशी, की हवेचं वाचन दर तासाच्या ठोक्याला जायचं. मधेच काही सांगायचं असलं तर निरीक्षकानं, म्हणजे वाराबाईनं, पेन्सिलीनं चिठ्ठी लिहायची, साहेबांनी शाईनं सही करायची, मग ती वायरलेसवाल्याकडे जायची आणि तो वैमानिकाला कळवायचा. त्या दिवशी तीन वाजून चाळीस मिनिटांनी वाराबाईला पट्टा दिसला. तिनं चिठ्ठी लिहिली, साहेबांपुढे धरली. साहेबांनी वाचली. गच्चीवरच्या यंत्राचा काटा पाहिला, तो जागच्या जागी. म्हणाले, "मधल्या गप्पा चारच्या ठोक्याला सांगा, बाई."

विमानानं वाऱ्याला सामोरं उतरायचं असतं; तीन बावन्नला ते पाठीवर वारा घेऊन उतरलं. होड्यांची टोकं पाण्यात घुसली आणि विमान कोलांटलं. वैमानिकाला लोकांनी बाहेर काढलं. जीव वाचला, पण उजवा खांदा आणि गुडघा कायमचे गेले. पुढची पंधरा वर्षं त्यानं बोटीच्या धक्क्यावर तिकीटखिडकीत काढली. सहा वर्षांपूर्वी तो साध्या तापाच्या निमित्तानं गेला.

चौकशी झाली. साहेबांनी शपथेवर सांगितलं, "मला संदेश मिळालाच नाही." चिठ्ठी कुठे गेली देव जाणे. अहवालात एक ओळ आली: निरीक्षकानं वाऱ्यातला बदल वेळेत कळवला नाही. साहेब इस्पितळात भेटायला आले होते, हातात फुलं घेऊन. धाकटीला म्हणाले, "तुमच्या बहिणीची चूक मनाला लावून घेऊ नका. माणूस आहे, होतं."

वाराबाईनं त्याच संध्याकाळी धाकटीला सांगितलं, "मी चिठ्ठी नेली होती गं."

धाकटी म्हणाली, "असू दे आता, ताई."

असू दे! माणसानं शिवी द्यावी, भांडी फेकावीत, पण असू दे म्हणू नये. असू दे म्हणजे काय? म्हणजे तू खोटं बोलतेयस आणि मी मोठ्या मनानं ते गिळतेय. दोघी शेजारशेजारच्या घरांत राहतात, एकमेकींच्या किल्ल्या एकमेकींकडे, एकीला खोकला आला की दुसरी भिंतीवर टकटक करते. आणि सत्तावीस वर्षं त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना ते 'असू दे' बसलेलं. वाराबाईला तेवढं एक परत घ्यायला लावायचं होतं. बाकी कशाची तिला पडलेली नव्हती.

म्हणून साहेब क्लबात आले तेव्हा तिनं डोकं थंड ठेवलं. पाच शनिवार तिनं त्यांना लोण्यासारखी हवा दिली. समोरून मंद वारा, ढग उंच, पाण्यावर बारीक लाटा, म्हणजे उंचीचा अंदाज चुकू नये. साहेब सीप्लेन अलगद उतरवायचे आणि टोपी सारखी करायचे. "हात बसलाय माझा," ते म्हणायचे. मेकॅनिक कुरकुरला, "मावशी, मला वादळं आणि त्यांना सहलीची हवा? हा काय न्याय?"

"त्यांचं वय झालंय," वाराबाई म्हणाली. स्वतः फक्त सात वर्षांनी लहान होती.

सहाव्या शनिवारी सभासदांनी घरची माणसं आणायची होती. सगळ्यांपुढे कोण उतरवून दाखवणार? साहेब आधीच उठून उभे. वाराबाई धाकटीला घेऊन आली. धाकटी यायला तयार नव्हती. नवऱ्याच्या अपघातानंतर विमानाचा आवाज आला तरी ती खिडकी लावून घ्यायची.

"मला कशाला नेतेस ताई तिथं?"

"एक माणूस दाखवायचाय."

"कोण?"

"बघशील. नुसती बस आणि कान उघडे ठेव."

धाकटीनं साहेबांना पाहिलं आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. साहेबांनी तिला ओळखलंही नाही. "नमस्कार, नमस्कार," म्हणत पुढे गेले आणि सीटवर बसले.

वाराबाईनं तेच तळं लावलं होतं. घड्याळ तीन तीसवर. वारा समोरून, मंद. ढग त्या दिवशीच्या उंचीचे. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं; दात घासताना, बसची वाट पाहताना इतक्या वेळा मनात घोकलेलं, की बोटं आपली आपण सरकली.

"अरे वा, आपलंच तळं!" साहेब खुशीत म्हणाले. "याचा कोपरान्‌कोपरा पाठ आहे मला."

म्हणजे त्यांना आठवलंच नाही. वेळ, ढग, ऋतू, काही नाही. वाराबाईला वाटलं होतं की निदान अंगावर काटा येईल. माणूस मजेत शीळ घालत होता.

एक गोष्ट तिनं आधीच ठरवली होती. ती त्यांना फसवणार नव्हती. सत्तावीस वर्षांपूर्वी जेवढा सांगितला तेवढाच इशारा, तेवढाच आधी, तितक्याच स्पष्ट शब्दांत देणार होती. त्यांनी ऐकलं आणि विमान वळवलं, तर खेळ संपला. मग तिनं घरी जायचं आणि मरेपर्यंत 'असू दे'बरोबर राहायचं. 

पडद्यावर तीन चाळीस झाले. तिनं खिंडीतला वारा फिरवला. भिंतीसारखा नव्हे. आधी एक झोत, मग थांबा, मग दुसरा, आणि पाण्यावर तो काळसर पट्टा सुटला. धक्क्यावरच्या खांबाची, वारा कुठून येतो ते दाखवणारी कापडी पिशवी अजून जुनीच दिशा दाखवत होती. वाराबाईनं बटण दाबलं. तिचा आवाज फक्त साहेबांच्या कानात जात होता. खोलीला नुसती इंजिनाची घरघर.

"हवा बोलतेय. खिंडीकडून पाणी काळं पडलंय. वारा फिरला, तुमच्या पाठीवर येतोय. उतरू नका. वळा."

"पिशवी तर सरळ आहे," साहेब हलक्या आवाजात म्हणाले.

"पिशवीला उशिरा कळतं. पाण्याकडे बघा."

"तीनचं वाचन काय होतं?"

"समोरून, मंद."

"मग तेच धरायचं. मधल्या गप्पा चारच्या ठोक्याला सांगा, बाई."

 शब्द न्‌ शब्द तोच. तिनं पुन्हा बटण दाबलं. "दुसऱ्यांदा सांगतेय. पाठीवर वारा. वळायला जागा आहे अजून."

साहेबांनी इंजिनाचा जोर कमी केला, नाक जरासं उचललं, अगदी पुस्तकात असतं तसं. मागून झोत आला. विमान पाण्यावर भलत्याच वेगानं टेकलं, एकदा उसळलं, पुन्हा टेकलं, होड्यांची टोकं खाली गेली आणि तिन्ही पडद्यांवर आभाळ पायाखाली आणि हिरवं पाणी डोक्यावर आलं. मग लाल अक्षरं.

कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मुलं हसली. मेकॅनिकनं सवयीनं बादलीकडे पाहिलं. धाकटी हसली नाही. तिनं असं विमान उलटताना कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. 

साहेब उठले, टोपी काढली. कान लाल झाले होते.

"हा काय पोरखेळ आहे?" ते डॉक्टरवर खेकसले. "वारा फिरवायचा तर सांगायचं तरी! मला काही संदेश मिळालाच नाही."

वाराबाई कपाटाआडून बाहेर आली. "काय म्हणालात?"

"संदेश मिळाला नाही. हेडफोन बिघडला असेल नाहीतर तुमचं लक्ष नसेल. पूर्वीसारखंच."

डॉक्टर बिचारा सरळ माणूस. "रेकॉर्डिंग असतं ना साहेब, प्रत्येक उड्डाणाचं. दोन्हीकडचं बोलणं त्यात येतं. लावतो, म्हणजे हेडफोनचं कळेल." आणि त्यानं लावलं.

खोलीभर वाराबाईचा आवाज घुमला. खिंड, काळं पाणी, वळा. मग साहेबांचा. मग पुन्हा तिचा. मधल्या गप्पा चारच्या ठोक्याला सांगा, बाई. सगळ्यांनी ऐकलं. पहिल्या रांगेतल्या मुलानंसुद्धा तोंड मिटलं.

"सत्तावीस वर्षांत एका शब्दाचा फरक नाही हो तुमच्यात," वाराबाई म्हणाली. "तेव्हाही शपथेवर हेच म्हणालात. मिळालाच नाही."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी माणसं बघत होती, आणि समोर हाताखालची बाई. "मला शिकवू नका!" ते ओरडले. "एवढं दिसत होतं तर वायरलेसची खोली दोन दारं पलीकडे होती! गेलात का नाही धावत? चिठ्ठी हातात घेऊन माझ्या टेबलापाशी पुतळ्यासारख्या उभ्या राहिलात बारा मिनिटं!"

 खाली दुकानात कुणीतरी पंपानं टायरमध्ये हवा भरत होतं, तेवढाच आवाज.

धाकटी उठली. पर्स खाली पडली, तिनं उचलली नाही.

"म्हणजे चिठ्ठी होती," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि या वेळी ओळखलं. 

"तुम्ही फुलं घेऊन आला होतात," धाकटी म्हणाली. "मी ती पाण्यात घालून ठेवली. आठ दिवस टिकली. मी रोज पाणी बदलत होते." तिचा आवाज चढला नाही. "निघा आता. नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल."

साहेब टोपी विसरून गेले. वाराबाईला आनंद झाला का? झाला.  लोक म्हणतात सूड घेतल्यावर रितं वाटतं, वगैरे. तिला काही रितं वाटलं नाही. पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

पण बसथांब्यावर धाकटीनं विचारलं, "दोन दारं होती, ताई?"

"हो."

"मग गेली का नाहीस?"

"सही नव्हती."

"सही!" धाकटी म्हणाली. मग बस आली. धाकटी पुढे बसली, वाराबाई मागे. त्यानंतर चार दिवस भिंतीवर टकटक झाली नाही. वाराबाईनं एकदा मुद्दाम खोकून पाहिलं, तरी नाही. सही न घेता चिठ्ठी गेली तर नोकरी जाईल असा हुकूम होता, तो साहेबांचाच होता, हे सगळं तिला सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. बारा मिनिटं ती उभी राहिली होती, हे काही खोटं नव्हतं.

पाचव्या दिवशी धाकटी किल्लीनं दार उघडून सरळ आत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"तुझ्यावर राग आहे माझा," ती म्हणाली. "खूप आहे. पण खोटारडी म्हणून इतकी वर्षं मनात ठेवलं, ते चुकलं माझं. असू दे म्हणाले होते ना, ते काढून टाक डोक्यातून."

वाराबाईनं चहा टाकला.

"आणि तो माणूस," धाकटी कप धरून म्हणाली, "क्लब सोडून गेला असेल ना?"

"दोनदा निरोप पाठवला डॉक्टरनं. प्रकृती बरी नाही म्हणतो."

"जाऊ द्यायचं नाही त्याला, ताई. घरी बसून तो विसरून जाईल. त्याला विसरायची सवय आहे."

वाराबाई बहिणीकडे बघतच राहिली. गरीब गाय म्हणून हिला सगळ्या नात्यागोत्यात मिरवलं होतं! तिनं लगेच फोन लावला.

"साहेब, शनिवारी तीनला तुमची पाळी आहे."

"मी येत नाही आता, बाई. झालं ते झालं."

"यायचं. ते रेकॉर्डिंग माझ्याकडेही आहे. आणि तुमच्या ओरडण्याचंही. डॉक्टर यंत्र बंद करायला विसरला होता. तुमची सूनबाई भाजीच्या दुकानात भेटते मला."

ही धमकी होती. होय, सरळसरळ होती, आणि वाराबाईला तिची जराही लाज वाटली नाही.

शनिवारी साहेब आले. पाठ तितकी ताठ नव्हती. क्लबात नवा नियम झाला होता: हवेकडून आलेला प्रत्येक संदेश वैमानिकानं मोठ्यानं परत म्हणायचा, आणि शेवटी 'संदेश मिळाला' असं जोडायचं, आणि तो स्पीकरवर सगळ्या खोलीला ऐकू यायला हवा. नियम सगळ्यांना होता. कुणासाठी होता तेही सगळ्यांना कळत होतं. कपाटाआड आता दोन खुर्च्या होत्या आणि दुसरा हेडफोन धाकटीच्या कानाला.

"डावीकडून झोत, मध्यम," वाराबाई म्हणाली.

"डावीकडून झोत, मध्यम," साहेब पुटपुटले. "संदेश मिळाला."

धाकटीनं बटणावर बोट ठेवलं. "नीट ऐकू आलं नाही, साहेब. पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं.

"शेवटचं जरा मोठ्यानं."

त्या दुपारी तिनं ते त्यांना अकरा वेळा म्हणायला लावलं. डॉक्टरनं एकदा कपाटाआड डोकावून "पुरे का, मावशी?" अशी खूण केली. वाराबाईनं मान हलवली नाही, वरही पाहिलं नाही. ती तळ्यावर नवे ढग उतरवत होती, आणि ते हळूहळू खाली आणायचे होते.